ओव्हन विकू नका, साड्यांखालचा रिपोर्ट बाहेर काढा

पत्र:

डॉक्टर, मी डोंबिवलीत राहते, वय ४४. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. मुलगी यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, मुलगा चौथीत आहे. ९ मेची तुतारी एक्सप्रेसची तिकिटं काढलीत. आधी बारा दिवस माहेरी देवगडला, वडील तिथे एकटेच असतात, ७८ वर्षांचे. तिथून नणंदेकडे कोल्हापूरला भाच्याची मुंज. भिक्षावळीची पाच किलो नानकटाई मी करून न्यायची असं ठरलंय.

मार्चमध्ये शाळेत तपासणी शिबिर झालं. हिमोग्लोबिन ९.४ आणि साखरेचं एचबीएवनसी ६.१ आलं. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवलाय, कुणाला दाखवला नाही. माझी आई साखरेनेच गेली, शेवटी पाय कापावा लागला होता. बेकिंग मला तिनेच शिकवलं, चुलीवर वाळूत भाजलेला रव्याचा केक. आता माझ्याकडे ओव्हन आहे आणि आमच्या घरी केकशिवाय रविवार जात नाही. पाळीला दीड वर्षापासून फार रक्त जातं, आठ-नऊ दिवस चालतं. दादरचा जिना चढताना दोनदा थांबते. दमायला होतं म्हटलं तर हे म्हणतात, "सगळ्या बायकांचं रक्त कमीच असतं." प्रवासात आणि मुंजीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून ठेवल्यात. सुट्टी संपली की डॉक्टरकडे जाणारच आहे. तुम्ही मला एवढंच सांगा, ओव्हन विकून टाकू का?

उत्तर:

ताई,

ओव्हन विकू नका. तिकिटंही इतक्यात रद्द करू नका. पण तो कागद आज रात्रीच साड्यांखालून काढा आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. नऊ मेला अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात बरंच काही होतं. "सुट्टी संपली की" हे मला अजिबात मान्य नाही.

मी एकोणतीस वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवला. मे महिन्यात माझ्या बाकावर मुलं असायची, उन्हाने हैराण झालेली म्हातारी माणसं असायची. बाई दिसली तर ती कुणाला तरी घेऊन आलेली असायची. स्वतःसाठी आलेली बाई विरळा. शाळा जूनच्या मध्याला सुरू झाल्या की बाक बायकांनी भरायचा. "एप्रिलपासूनच होतंय, पण पाहुणे होते." "कुरडया-पापड उरकायचे होते." "दिराचं लग्न होतं ना." अशीच एक बाई एकदा जूनच्या अखेरीस आली. महिनाभर सोळा माणसांचा स्वयंपाक करून आलेली. मी नाडी बघायला हात हातात घेतला आणि तळवा उलटा केला, तर रेषासुद्धा पांढऱ्या. हिमोग्लोबिन ५.२ निघालं. रक्त चढवावं लागलं, मग ती सावरली. बाहेर सासू रडत बसली होती. "आम्हाला काहीच बोलली नाही हो," एवढंच म्हणत होती. आणि ते खरंच होतं, ती बोललीच नव्हती. तुमचं पत्र वाचताना मला तो तळवा आठवत होता.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. तुम्ही घाबरलात ६.१ ला. मला जास्त काळजी आहे ९.४ ची.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. यजमान म्हणतात ते एका अर्थी खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला होता. पण निम्म्याहून जास्त बायकांना आहे म्हणून तो आजार राहत नाही, असं थोडंच आहे? जिन्यावर तुम्ही थांबता ते वयामुळे नाही. रक्तातून पुरेसा प्राणवायू पोचत नाही, म्हणून हृदयाला जास्त पळावं लागतं. आणि तुमच्या बाबतीत रक्त जातंय कुठून ते तर समोरच दिसतंय. दर महिन्याला आठ-नऊ दिवस, दीड वर्ष. माठाला खालून भोक असताना वरून कितीही पाणी ओतलं तरी तो भरत नाही. आधी ते भोक बघायला हवं.

चाळिशी ओलांडल्यावर पाळी बिघडायची कारणं पुष्कळ: गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, पाळी जाण्याआधीचे हार्मोनचे चढउतार, कधी आतल्या अस्तराची जाडी. बहुतेक कारणं औषधाने आवाक्यात येतात. पण कोणतं आहे ते सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी केल्याशिवाय कळत नाही, आणि गरज वाटली तर डॉक्टर अस्तराचा तुकडाही तपासायला घेतील. त्याने घाबरू नका. तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो का, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, हे आधीच लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण "जरा जास्त जातं" एवढंच बोलतो, आणि त्यातून काही कळत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाकू, कटकट नको" म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या किती पिशव्या गरज नसताना काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने वाचलं. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, कॉपर-टीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. शस्त्रक्रिया खरोखर लागते तेव्हा ती करावीच. पण तिथवर जायच्या आधी एवढ्या वाटा आहेत, त्या तुम्हाला माहीत हव्यात.

आणि त्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. मला ठाऊक आहे, मुंज असली, सत्यनारायण असला, कोकणातला प्रवास असला की घराघरांत या गोळ्या चणे-फुटाण्यांसारख्या घेतल्या जातात. एरवी धडधाकट बाईला डॉक्टरांनी विचारपूस करून दिल्या तर त्या चालतातही. पण दीड वर्ष जास्त रक्त जातंय आणि कारण शोधलेलं नाही, अशा बाईने त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. कुणाला पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेली असेल, यकृताचा आजार असेल, तर त्या धोक्याच्याही ठरतात. शिवाय साधा हिशोब बघा. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. मुंजीपर्यंत घेतल्या तर नेमकी कोल्हापूरहून परतताना येईल, आणि पुढे ढकललेली पाळी तुमच्यासारख्या बाईला आणखी जोरात येऊ शकते. ती पट्टी पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांना दाखवा. त्या घ्या म्हणाल्या तर त्यांच्या हिशोबाने घ्या.

लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतीलच. त्या घेताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. सकाळी गोळी आणि पाठोपाठ चहा! चहा आणि दूध लोह शोषू देत नाहीत. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तासांचं अंतर हवं, कॅल्शियमची गोळी तर वेगळ्याच वेळी. गोळीबरोबर लिंबू-पाणी घेतलं तर उत्तम. शौचाला काळं होईल, ते गोळीमुळे, त्याला भिऊ नका. पोट बिघडलं तर गोळी सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा, दुसरी मिळते. तीन-चार आठवड्यांत आकडा साधारण एक-दोनने चढायला हवा, आणि बारा झाला म्हणून लगेच थांबायचं नाही. शरीरातला साठा भरायला आणखी तीन महिने लागतात. बीट आणि खजूर जरूर खा, पण ९.४ वरून बारावर पोचवण्याइतका जोर त्यांच्यात नाही. अळिवाचे लाडू त्याहून बरे. मासे खात असाल तर देवगडात ताज्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळतील त्या सोडू नका, त्यांत लोह भरपूर असतं.

आता ती ६.१. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. पण हा आकडा तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून काढतात. अंगात लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा वाढतो, आणि जुन्या पेशीवर साखर जास्त चिकटलेली असते. त्यामुळे लोहाच्या कमतरतेत ही तपासणी थोडी फुगलेली येऊ शकते. म्हणजे तुमचं ६.१ पूर्ण खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्या एका आकड्यावर निकाल लावू नये, एवढंच म्हणते. उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर करून घ्या. पहिली १०० च्या खाली आणि दुसरी १४० च्या खाली आली तर सध्या निश्चिंत राहा, आणि रक्त भरून आल्यावर एचबीएवनसी पुन्हा करा. आईचा इतिहास आहे म्हणून पुढे दरवर्षी तपासायचं, हे मात्र ठरवून टाका. दोन्ही बाळंतपणांत कधी साखर वाढली होती का, हेही आठवून डॉक्टरांना सांगा.

तुमच्या आईच्या वेळी कदाचित कुणी इतक्या लवकर तपासलंच नसेल. तुम्हाला चव्वेचाळीसाव्या वर्षी कागदावर लिहून मिळालंय. पाय कापण्याची वेळ आजार वर्षानुवर्षं दुर्लक्षात राहिल्यावर येते, रविवारच्या केकच्या तुकड्याने नाही. ताई, तुम्हाला ओव्हन विकावासा वाटतो तो साखरेमुळे की आईच्या आठवणीमुळे, हे मी सांगू शकत नाही. पण पत्रात सगळ्यात मोकळी झालात ती त्या वाळूतल्या केकच्या ओळीला. ते मी तुमच्याकडून काढून घेणार नाही.

केकबद्दल स्पष्ट बोलू. २०० ग्रॅम साखरेच्या केकचे बारा तुकडे केले तर एकेका तुकड्यात सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे साधारण चार छोटे चमचे साखर जाते. शिवाय मैदा किंवा रवा. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, बशीत घेऊन, बसून एक तुकडा खाल्ला तर उंबरठ्यावरच्या माणसालाही तो जड जाऊ नये. पण करणाऱ्या बाईचा केक तेवढ्यावर थांबतो का? मिश्रण चाखलं, कडा कापून तोंडात टाकल्या, मुलाने अर्धा टाकलेला संपवला, सोमवारी डब्यातला चुरा. ते सगळं उभ्याने, आणि कुठेच मोजलं न जाणारं. घरची साखर तिथे वाढते. तेवढं बंद करा.

साखर पाव भागाने कमी केलीत तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याहून खाली गेलात तर केक कोरडा आणि फिका होतो, कारण ओलावा आणि रंग साखरेनेच येतो. गूळ घातला म्हणून केक औषधी होत नाही, गूळही बहुतेक साखरच. नाचणीची नानकटाई मला फार आवडते, नाचणीत कॅल्शियम चांगलं, पण पीठ ते पीठच. "नाचणीची आहे" म्हणून चार खायची नाही.

पाच किलो नानकटाईला मात्र माझा विरोध आहे, आणि तो साखरेसाठी नाही. हिशोब करा. एक नानकटाई पंचवीस ग्रॅमची धरली तर दोनशे नग. घरगुती ओव्हनच्या ट्रेत सोळा बसतात. म्हणजे साडेबारा ट्रे, प्रत्येक ट्रेला वीस मिनिटं, वर तूप-साखर लोण्यासारखी फेसणं, गोळे वळणं. डोंबिवलीच्या मे महिन्यात, बंद स्वयंपाकघरात, पाच-सहा तास उभ्याने, ९.४ हिमोग्लोबिन घेऊन. आणि मग ते डबे रेल्वेने देवगड, तिथे बारा दिवस दमट हवेत, मग फोंडाघाटातून कोल्हापूर. नानकटाईसुद्धा मऊ पडेल हो.

माझ्या लहानपणी घरी ओव्हन नव्हता. सुट्टी लागली की आई मैदा, रवा, तूप, पिठीसाखर पितळी डब्यांतून बांधून द्यायची आणि आम्ही दोघी बहिणी बेकरीत जायचो. बेकरीवाला मळून, वळून, पत्र्यांवर मांडून भट्टीत सरकवायचा, त्या लांब लाकडी फळीने. आम्ही बाकावर बसून आपला नंबर यायची वाट बघायचो. परत येताना पत्र्याचा डबा फ्रॉकमधून मांड्यांना चटके द्यायचा आणि आम्ही तो आलटून पालटून धरायचो. झाकण घरी गेल्याशिवाय उघडायचं नाही अशी सक्त ताकीद होती, कारण गरम नानकटाई मोडते. कोल्हापूर-सांगलीकडे आपलं साहित्य घेऊन नानकटाई भाजून देणाऱ्या बेकऱ्या अजून सापडतात. नणंदेला फोन करून सांगा: "वन्सं, प्रमाण मी देते, साहित्य आणून ठेवा, भाजून बेकरीतून घेऊ. माझं रक्त कमी झालंय, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय." मनाई मी करते आहे, खुशाल माझं नाव सांगा. भिक्षावळीत प्रेमाने दिलेलं असलं की झालं. ते कुठल्या भट्टीत भाजलं हे बटू विचारत नाही.

यजमानांना तोंडी काही सांगू नका. "दमते" हा शब्द त्यांनी पूर्वी ऐकून सोडून दिलाय. तो कागद त्यांच्या हातात द्या, ९.४ खाली पेनाने रेघ मारा आणि म्हणा, "बुधवारी डॉक्टरकडे जायचंय, तुम्ही बरोबर या." आकडा दिसला की बहुतेक माणसं बदलतात, हे मी पाहिलंय. वडिलांना आकडे सांगायची गरज नाही. आईचं सगळं त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलंय, त्यांना उगीच धास्ती नको. "अंगात रक्त कमी आहे, गोळ्या चालू आहेत" इतकंच पुरे. लेकीला मात्र सगळं सांगा. पंधरा वर्षांची आहे, आजीला काय झालं ते तिला माहीत आहे, आणि तुम्ही लपवलेलं तिला बहुधा आधीच जाणवलंय. तिचंही हिमोग्लोबिन याच खेपेत करून घ्या.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. जायचं की नाही हे त्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा. मला वाटतं त्या हो म्हणतील. दादरला बॅगा तुम्ही उचलायच्या नाहीत, जिना नको, लिफ्ट शोधा. घाटात पुढच्या सीटवर बसा. वडील मुंजीला येणार असतील तर ७५ च्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, ओळखपत्र तेवढं बरोबर असू द्या. बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा तासाला पॅड भरायला लागला, तर मुंज असो की काही असो, सरळ दवाखान्यात जायचं. सगळ्या रिपोर्टचे फोटो लेकीच्या मोबाइलमध्येही ठेवा.

देवगडला मात्र एक केक व्हायलाच हवा, चुलीवर, वाळूतला. तुम्ही पाटावर बसा आणि हात लेकीचे चालू द्या: दोन वाट्या रवा, वाटीभर दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तूप, वेलची, लागेल तसं दूध, तासभर झाकून ठेवायचं आणि सोडा अगदी शेवटी. वडिलांना पहिला तुकडा, तुम्हाला जेवणानंतर एक. वाळू किनाऱ्यावरून आणलीत तर गोड्या पाण्यात तीनदा धुवा, चाळा आणि दोन दिवस कडक उन्हात पसरून ठेवा. ओली राहिली तर पातेल्यात तडतडते, आणि आच एकसारखी लागत नाही.